नखें कुरतडण्याची खोड व तिजवर खरा उपाय

मनुष्याच्या अंगीं जडणाऱ्या खोडींपैकीं कांहीं मोठ्या असतात. त्यांवर व्याख्यानें होतात, निबंध लिहिले जातात. कांहीं खोडी मात्र इतक्या क्षुल्लक मानल्या जातात कीं, त्यांची दखल घेणेंही कोणास प्रशस्त वाटत नाहीं. दांतांनीं नखें कुरतडणें ही अशांपैकींच एक होय. इतिहास, विज्ञान, थोरांचीं चरित्रें असे भारदस्त विषय सोडून आम्ही वार्षिकाचीं पानें नखांच्या चर्चेंत खर्च करीत आहों, हें पाहून कित्येक वाचकांस हंसूं येईल. परंतु आमच्या मतें लहान खोडीचा विचार करण्यांत एक मोठा लाभ आहे. मोठें व्यसन कसें जडतें व कसें सुटतें, हें स्वानुभवानें शिकण्याची पाळी कोणावरही येऊं नये. नखें खाण्याची खोड मात्र प्रत्येक वर्गांत दोनचार जणांस तरी असते. आणि तिच्याशीं झगडतांना जें मर्म हातीं लागतें, तेंच पुढें मोठ्या संवयींच्या बाबतींतही उपयोगीं पडतें.

“जित्याची खोड मेल्यावांचून जात नाहीं” अशी एक म्हण आपल्यांत फार प्रचारांत आहे. चार वेळां सांगून मुलानें ऐकलें नाहीं कीं, वडील मंडळी ती उच्चारतात व हात टेकतात. मुलाच्या कानांवर ती पडली म्हणजे त्याला तो न्यायाधीशाचा निकालच वाटतो. खोड जाणारच नाहीं, तर यत्न तरी कशास करावा? आम्हांस ही म्हण मान्य नाहीं. खोड जाते, अगदीं जिवंतपणीं जाते. मात्र घरांतून व शाळांतून ज्या उपायांनीं ती घालविण्याचा यत्न होतो, त्या उपायांनीं ती सहसा जात नाहीं. दोष मुलाच्या स्वभावाचा नसून बहुधा योजिलेल्या उपायांचा असतो, हें आज पालकांपुढें व विद्यार्थ्यांपुढें मांडावें असें आम्ही योजिलें आहे.

प्रथम ही खोड कोणत्या जातीची आहे तें पाहूं. ती आजकालची नव्हे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत मातीचीं ढेकळें चुरणारा, गवत तोडीत बसणारा आणि नखें खाणारा अशा तिघांस एकत्र बसवून त्यांचा लवकरच नाश होतो असें सांगितलें आहे. नाशाचें हें भाकित आम्हांस पटत नाहीं. पण ज्यानें या तिघांस एका पंक्तीस बसविलें त्याची दृष्टि सूक्ष्म होती, यांत शंका नाहीं. हीं तिन्ही रिकाम्या हाताचीं कामें आहेत. शेताच्या बांधावर बसलेला मनुष्य बोलतां बोलतां ढेकूळ चुरतो. मैदानांत बसलेला मुलगा गवत उपटतो. आणि जेथें ढेकूळही नाहीं व गवतही नाहीं, अशा वर्गाच्या बांकावर बसलेला विद्यार्थी आपलींच नखें खातो. तिघांपैकीं कोणाच्याही मनांत वाईट करावें असा हेतु नसतो. बहुधा आपण कांहीं करीत आहों हें त्यांस ठाऊकही नसतें.

ही खोड बहुतेक मुलांत तिसऱ्याचौथ्या वर्षानंतर दिसूं लागते, शाळेच्या वयांत वाढते, आणि पुष्कळांची मोठेपणीं आपोआप कमी होते. कित्येकांची मात्र केस पिकेपर्यंत टिकते. हात तोंडाकडे केव्हां जातो याचें जो निरीक्षण करील, त्याला दोन प्रसंग वारंवार आढळतील. एक कंटाळ्याचा व दुसरा काळजीचा. लांबलेला तास, रटाळ पुस्तक, पाहुण्यांच्या गप्पा संपण्याची वाट पाहणें हा पहिला प्रकार. न सुटणारें गणित, हातीं नुकतीच पडलेली प्रश्नपत्रिका, निकालाचा दिवस, घरांतील मोठ्यांचा वाढलेला आवाज हा दुसरा. मन अस्वस्थ झालें कीं हाताला चाळा हवा असतो, आणि नख तर सदैव हाताशींच असतें.

आतां या खोडीनें नुकसान किती होतें तें पाहूं, आणि पाहतांना अतिशयोक्ति टाळूं. नख हें केराटिन नांवाच्या कठीण द्रव्याचें बनतें. आपले केसही याच द्रव्याचे असतात. हाताचें नख महिन्यास सुमारें ३ मिलिमीटर वाढतें, म्हणजे मुळापासून टोंकापर्यंत नवें नख येण्यास सुमारें ६ महिने लागतात. ही वाढ मुळाशीं, त्वचेच्या घडीखालीं होते. म्हणून नखाचें टोंक कुरतडलें तरी तें पुन्हा येतें; परंतु नखाभोंवतींची कातडी सोलली गेली कीं तेथून रोगजंतूंचा शिरकाव होतो, बोट सुजतें, ठणकतें व त्यांत पू धरतो. यासच आपण नखुरडें म्हणतों. नखाचें मूळच वारंवार दुखावलें तर नख कायमचें वेडेंवांकडें येऊं शकतें. पुढच्या दांतांच्या कडाही या उद्योगानें झिजतात.

याहून महत्त्वाची गोष्ट कृमींची. पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखे बारीक कृमि लहान मुलांच्या पोटांत पुष्कळदां होतात. त्यांची मादी रात्रीं गुदद्वाराशीं येऊन अंडीं घालते. तेथें खाज सुटते, मूल झोपेंत खाजवितें, आणि डोळ्यांस न दिसणारीं तीं अंडीं नखांखालीं जाऊन बसतात. दुसऱ्या दिवशीं तेंच बोट तोंडांत गेलें कीं कृमि पुन्हा पोटांत! औषधानें एकदां गेलेला विकार पुन्हा पुन्हा उद्भवतो, त्याचें हें एक कारण आहे. भारतांत २०१५ सालीं राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळण्यास प्रारंभ झाला व तेव्हांपासून शाळाशाळांतून मुलांस गोळ्या दिल्या जातात. परंतु गोळी पोटांत गेली आणि नखही तोंडांत गेलें, तर गोळीचें काम अर्धवटच राहावयाचें.

एवढें सांगून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. न्यूझीलंडमधील डनीडिन शहरीं १९७२-७३ सालीं जन्मलेल्या सुमारें एक हजार मुलांची वाढ तेथील संशोधकांनीं वर्षानुवर्षें नोंदून ठेविली. २०१६ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, बालपणीं अंगठा चोखणाऱ्या किंवा नखें खाणाऱ्या मुलांपैकीं ३८ टक्के मुलांच्या त्वचेच्या परीक्षेंत तेराव्या वर्षीं ॲलर्जीची प्रवृत्ति दिसली. ज्यांस यांपैकीं कोणतीच संवय नव्हती त्यांच्यांत हें प्रमाण ४९ टक्के होतें. दमा मात्र दोन्ही गटांत सारखाच आढळला, आणि मुलांस अशी संवय लावा असें संशोधकांनीं कोठेंही म्हटलेलें नाहीं. ही हकीकत एखादा चतुर विद्यार्थी उद्यां आपल्या आईपुढें ठेवीलच, म्हणून आम्हीच ती आधीं सांगून टाकितों. तिच्यापासून मोठ्यांनीं घ्यावयाचा बोध वेगळा आहे. नख पोटांत गेलें म्हणजे आंतडीं फाडतें, नखें खाल्लीं म्हणजे घरांत दारिद्र्य येतें, असले धाक घालूं नयेत. नखाचे बारीक तुकडे पोटांत पचत नाहींत हें खरें, परंतु ते सहसा अपाय न करितां बाहेर पडतात. मुलास एक गोष्ट खोटी आढळली कीं, तें पुढच्या दहा खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवीत नाहीं.

आतां नेहमींच्या उपायांकडे वळूं. पहिला उपाय रागावण्याचा. दिवसांतून वीस वेळां “हात काढ!” हें वाक्य घरांत ऐकूं येतें. दुसरा उपाय हातावर फटका. तिसरा चारचौघांत नाचक्की करण्याचा. पाहुणे आले कीं “दाखव पाहूं यांना तुझीं नखें” म्हणून मुलास पुढें करावयाचें. चवथा बोटांस मिरची चोळण्याचा. या चवथ्या उपायाविषयीं अधिक बोलण्याचें कारण नाहीं. मिरचीचें बोट डोळ्यांत जातें, हें एकदां ध्यानांत घेतलें म्हणजे पुरे. पहिले तीन उपाय मात्र सभ्य समजले जातात व त्यांतच खरा घोटाळा आहे.

ज्या मुलाचा हात काळजीनें तोंडाकडे जातो, त्याला धाक दाखविला म्हणजे त्याची काळजी वाढते. आणि काळजी वाढली म्हणजे हात पुन्हा तोंडाकडे जातो. विस्तव विझविण्यासाठीं त्यावर तेल ओतावें, तसला हा प्रकार आहे. शिवाय नुसत्या “नको” या शब्दानें मन आंवरत नाहीं. डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९८७ सालीं कांहीं विद्यार्थ्यांस पांढऱ्या अस्वलाचा विचार करूं नका असें सांगितलें, व तो विचार आला कीं घंटा वाजवावयास लावलें. अस्वलाचा विचार टाळूं पाहणाऱ्या त्या विद्यार्थ्यांस पुन्हा पुन्हा घंटा वाजवावी लागली. “नख खाऊं नको” हें वाक्य प्रत्येक वेळीं मुलास नखाचीच आठवण करून देतें.

परंतु या उपायांचा सर्वांत वाईट परिणाम नखांवर होत नाहीं, मनावर होतो. शिक्षेच्या भयानें मूल नखें खाणें सोडीत नाहीं. तें हात लपवावयास शिकतें. आईची चाहूल लागतांच हात खालीं, ती स्वयंपाकघरांत गेली कीं हात वर. जें मूल आज बोटें पाठीमागें लपवितें, तें उद्यां कमी गुण मिळालेला पेपर लपवील, आणि परवां याहून मोठी गोष्ट लपवील. खराब झालेलें नख सहा महिन्यांत नवें येतें. आईबापांपासून चोरून वागण्याची लागलेली संवय इतक्या सहजासहजीं जात नाहीं. नखें वांचविण्यासाठीं मुलाचा मोकळेपणा गमावणें हा सौदा आम्हांस फार महाग वाटतो.

कोणी म्हणतील, धाकाशिवाय मुलें सुधारत नाहींत. आमचें उत्तर असें कीं, धाक दाखविणारा जेथें हजर असतो तेथेंच धाकाचा अंमल चालतो. परीक्षेच्या दालनांत आई नसते, रात्रीं अंथरुणावर शिक्षक नसतात. मुलाचे हात चोवीस तास ज्याच्याजवळ असतात असा पहारेकरी एकच, आणि तो म्हणजे तें मूल स्वतः. त्यालाच पहाऱ्यावर नेमणें हा खरा उपाय होय.

या पद्धतीचा शास्त्रशुद्ध विचार अमेरिकेंतील नेथन ॲझ्रिन व ग्रेगरी नन या दोघां मानसशास्त्रज्ञांनीं केला व १९७३ सालीं तो प्रसिद्ध केला. त्यांतील मुख्य तत्त्वें अशीं: खोड असणाऱ्यानें प्रथम आपला हात केव्हां हलतो हें ओळखावयास शिकावें, मग त्याच क्षणीं हातास असें दुसरें काम द्यावें कीं, तें चालू असतां जुनी खोड करतांच येऊं नये, आणि या कामीं घरच्यांनीं त्यास साह्य करावें. यांत शिक्षेस स्थान नाहीं. हात तोंडाकडे जाऊं नये एवढेंच सांगून भागत नाहीं. तो जावा कोठें, हेंही सांगावें लागतें.

विद्यार्थिमित्रांनो, हें प्रत्यक्षांत कसें करावें तें ऐका. पहिला आठवडा नखें सोडण्याचा यत्नही करूं नका, फक्त मोजा. एक लहान वही जवळ ठेवा व हात तोंडाशीं गेल्याचें ध्यानांत आलें कीं एक रेघ ओढा; वेळ कोणती व काम कोणतें चाललें होतें तेंही लिहा. आठवड्याच्या अखेरीस वही चाळा. कोणाच्या रेघा गणिताच्या तासास दाटलेल्या दिसतील, कोणाच्या दूरदर्शनसमोर, कोणाच्या रात्रीं निजण्यापूर्वीं. शत्रु कोणत्या वाटेनें येतो हें कळलें म्हणजे अर्धी लढाई जिंकलीच.

दुसऱ्या आठवड्यापासून हातास काम द्या. हात उचलला गेला असें वाटतांच मूठ मिटा, अंगठा बोटांच्या आंत घ्या, व हात मांडीवर मिनिट दोन मिनिटें तसाच धरून ठेवा. नाहींतर पेन्सिल अथवा पुस्तकाची कड घट्ट धरा. हें वर्गांतही करतां येतें. शेजाऱ्यास पत्ता लागत नाहीं. दहाही बोटें एकदम सोडवतां येत नसतील तर आधीं दोन अंगठेच सोडवा. ते जिंकले म्हणजे पुढचें बोट घ्या.

त्याबरोबर नखांची निगा राखा. खरखरीत कड बोटास लागली कीं दांत तिच्यामागें लागतात. म्हणून ती कड राहूं देऊं नका. पूर्वीं न्हावी घरीं येऊन नराणीनें नखें काढीत असे. आतां नेलकटर घरोघरीं आहे. आठवड्यांतून एकदां नखें बारीक कापा, कड घासून गुळगुळीत करा, व भोंवतींच्या कातडीस खोबऱ्याच्या तेलाचें बोट लावा. कडू रसाचा उपायही अगदींच टाकाऊ नाहीं. आपल्याकडे कडुलिंबाचा रस किंवा कोरफडीचा चीक बोटांस लावीत. १९५८ सालीं स्कॉटलंडांत बधिरतेच्या औषधांचा शोध चालू असतां डेनाटोनियम नांवाचें अत्यंत कडू द्रव्य सांपडलें. आज नखांस लावावयाच्या कडू लेपांत तें वापरतात. मात्र असा लेप मुलानें आपल्या खुशीनें लावावा. स्वतः लावलेला कडू लेप ही आठवण होते. दुसऱ्यानें बळेंच लावलेला लेप ही शिक्षा होते, आणि शिक्षेचा लेप मूल नळाखालीं धुऊन टाकतें.

पालकांचें काम थोडें आहे, पण तें अवघड आहे. कारण तें गप्प राहण्याचें आहे. मुलाशीं बोलून एक खूण ठरवावी. त्याचा हात वर गेला कीं आईनें बांगड्या हलकेच वाजवाव्या, किंवा बाबांनीं टेबलावर एक बोट टेकावें. शब्द उच्चारूं नये, कपाळास आंठी घालूं नये. संध्याकाळीं वहींतल्या रेघा कमी झालेल्या दिसल्या तर तोंडभर कौतुक करावें, वाढल्या असतील तर “आज काय झालें, बाळ?” एवढेंच विचारावें. या एका प्रश्नानें कधीं कधीं नखांहून मोठी गोष्ट बाहेर येते. वर्गांतील एखादा दांडगा मुलगा त्रास देत असेल, एखादा विषय मुळींच समजत नसेल, घरांत आजारी माणसाविषयीं कुजबूज चाललेली त्यानें ऐकली असेल. प्रत्येक कुरतडलेल्या नखामागें दुःखच असतें असें नव्हे. पण असल्यास तें फटका मारून कळत नाहीं, विचारून कळतें.

किती दिवस लागतील? १८९० सालच्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथांत विल्यम जेम्स यांनीं, नवी संवय पक्की होईपर्यंत एकही अपवाद घडूं देऊं नये, असें बजावलें आहे. उपदेश थोर आहे, परंतु मुलांनीं त्यानें घाबरून जाऊं नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील संशोधकांनीं ९६ जणांस एकेक नवी संवय लावून घेण्यास सांगितलें व त्याचा वृत्तांत २००९ सालीं प्रसिद्ध केला. संवय अंगवळणीं पडण्यास कोणास १८ दिवस पुरे झाले, तर कोणास २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. मधला आंकडा ६६ दिवसांचा होता. एखादा दिवस चुकल्यानें फारसें बिघडत नाहीं, असेंही त्यांस आढळलें. तेव्हां परीक्षेच्या आठवड्यांत दोन नखें पुन्हा कुरतडलीं गेलीं म्हणून सारें फुकट गेलें असें समजूं नये. वहींत रेघ ओढावी व मूठ मिटावी.

इतकें करूनही कांहीं मुलांचीं बोटें रक्तबंबाळ होतात, वारंवार पिकतात, किंवा मुलास स्वतः थांबावेंसें वाटत असूनही थांबतां येत नाहीं व तें झुरतें. अशा वेळीं विलंब न करितां वैद्याचा अथवा मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या मानसविकारांच्या सूचींत अशा तीव्र स्वरूपाच्या खोडीचा समावेश केला आहे. ताप आला म्हणून आपण मुलास मारीत नाहीं. हेंही तसेंच समजावें.

आम्हीं आरंभीं म्हटलें कीं, या लहान खोडींत मोठें मर्म आहे. तें हें कीं, वाईट संवय नुसती उपटून टाकतां येत नाहीं. तिच्या जागीं दुसरें कांहीं लावावें लागतें. आणि तें दुसऱ्यानें लावून चालत नाहीं, ज्याचें त्यानें लावावें लागतें. शिक्षकांनीं व आईबापांनीं जवळ उभें राहावें, पण हात मुलाचा आहे. आळस, उशिरां उठणें, शिवी तोंडांत येणें, मोबाइल हातावेगळा न होणें, या साऱ्यांस हेंच सूत्र लागूं आहे.

तर मित्रांनो, आज एक वही घ्या व पहिली रेघ खरेपणानें ओढा. पुढील वर्षाचें वार्षिक तुमच्या हातीं पडेल, तोंवर तुमचें प्रत्येक नख मुळापासून टोंकापर्यंत दोनदां नवें झालेलें असेल. त्या पानांवर टेकलेलीं बोटें तुम्हांस कोणापासून लपवावीं लागूं नयेत, एवढीच आमची इच्छा आहे.